घराबाहेरचं वर्ष

बहालील, १० जानेवारी १९८३

प्रिय भाऊ जिलाली,

सलाम. तू, तुझी बायको, इद्रिस आणि धाकटा सगळे खुशाल असाल. इथे यमना आणि दोन्ही मुली बऱ्या आहेत.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे, मिलूदाकडून लिहून घेतलेलं नाही. यावरूनच तुला कळेल की गोष्ट अजून घरात बोललेली नाही. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच. मशिदीत शिकवणारे फकीह माझी पाटी बघून म्हणायचे, "बूशता, तू गवंडी हो." तसा झालोही. फकीह तू झालास.

मी एकसष्टचा झालो. मला मुलगा नाही, दोन मुली आहेत. मिलूदा चौतिशीची, नवऱ्याने सोडलेली. रकियाचं लग्न अजून जमत नाही. जेलाब्याची, त्या लांब झग्यांची, रेशमी बटणं विणून दोघी चार पैसे मिळवतात. माझ्याकडे या घराखेरीज काही नाही. खाली खडकात कोरलेली खोली, वर मी माझ्या हाताने बांधलेल्या दोन.

मी गेलो तर काय होईल हे सफ्रूच्या आदूलना, त्या दोन दस्तलेखकांना, विचारून आलो. दोघेही होते. एकाने सांगितलं, दुसऱ्याने मान डोलावली; दस्त लिहितानाही ते असंच करतात. घराचे चोवीस भाग. तीन यमनाचे, सोळा मुलींचे, उरलेले पाच तुझे. मृत्युपत्र करून मुलींना जास्त देता येत नाही, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. पण माणूस जिवंतपणी बक्षीसपत्र करून देऊ शकतो.

मी घर मुलींना देणार आहे. तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये म्हणून आधी लिहिलं. रागावू नकोस. आणि रागावलास तर तसं लिही, गप्प बसू नकोस. लहानपणापासून तुझी ही खोड आहे.

तुझा दादा,
बूशता

* * *

ऐन बल्लूत, २ फेब्रुवारी १९८३

प्रिय दादा,

सलाम. तू सांगितलंस म्हणून लिहितो. रागावलो आहे.

घर तुझं आहे आणि जिवंतपणी माणूस आपल्या मालमत्तेचं काहीही करू शकतो. त्यावर मी बोलत नाही. पण तू आदूलकडे जाऊन माझे पाच भाग मोजून घेतलेस आणि मग ते मला मिळू नयेत याची तजवीज केलीस. म्हणजे तुझ्या मनात चित्र काय आहे? तू कबरीत, आणि मी दोरी घेऊन वहिनींच्या दारात, घर मोजायला?

ती वाटणी मी केलेली नाही. मी मुलांना ती वीस वर्षं शिकवतो आहे. मुलगा नसेल तर भावाला वाटा मिळतो तो फुकट नाही; मागे राहिलेल्या बायकांचं बघायची जबाबदारी त्याच्यावर येते म्हणून. तू वाटा काढून घेतलास, म्हणजे जबाबदारीही काढून घेतलीस. मी तेवढ्यालाही लायक नाही का?

माझी अवस्था तुला माहीत आहे. मी राहतो ते घर मशिदीचं. दर शरदात गाव माझ्याशी पुढच्या वर्षाचा करार करतं. इतकं धान्य, इतकं तेल, पाळीपाळीने जेवण. एखाद्या वर्षी त्यांना तरुण आवाजाचा फकीह हवासा वाटला तर मी पेटी डोक्यावर घेऊन निघालो. तरी मी कधी तुझ्या घराचा हिशेब मनात मांडला नव्हता. आता तू मांडून दिलास.

जिलाली

* * *

बहालील, २० फेब्रुवारी १९८३

प्रिय जिलाली,

शाबास. असंच लिहीत जा.

तुझ्या मनात खोट आहे असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण माझ्याआधी तू गेलास तर? मग ते पाच भाग इद्रिसचे आणि त्याच्या भावाचे. इद्रिस चांगला मुलगा आहे. तेवीस वर्षांचा आहे, ताउनातच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात बसून कपडे शिवतो, त्याला स्वतःचं दुकान हवं आहे. ते त्याला का नसावं? पण माझ्या मुलींना त्याने कितीदा पाहिलं? दोनदा? त्याला त्या कोण?

खालच्या गल्लीतली फातना तुला आठवते? तिचा नवरा गेला. चाळिसाव्या दिवशी नवऱ्याचा पुतण्या मेकनेसहून आला. सभ्य मुलगा, येताना साखरेचा सुळका घेऊन आला. चहा प्यायला, रडला, आणि म्हणाला, "काकी, माझा भाग विकत घ्या नाहीतर सगळं विकू." तिने म्हटलं, "बाळा, मी कुठून घेऊ?" तो म्हणाला, "मग मी तरी काय करू, काकी?" त्याचंही बरोबर होतं. कोणी कोणावर अन्याय केला नाही, जिलाली, आणि फातना आता बहिणीच्या माजघरात निजते.

खडकात कोरलेल्या खोलीचे चोवीस भाग कसे करायचे, तूच सांग.

तुझा वाटा काढून घेतला तरी जबाबदारी काढून घेतलेली नाही. ती तशीही तुझ्यावर आहे. कागदावर येत नाही, एवढंच.

थंडी सरली की दस्त करतो. आदूलनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली आहे. ती तुला माहीत असेलच.

बूशता

* * *

ऐन बल्लूत, २८ मार्च १९८३

प्रिय दादा,

सलाम. तुझं पत्र महिनाभर जवळ ठेवलं. इद्रिसबद्दल लिहिलंस ते मला टोचलं, कारण खरं आहे.

मला पटलेलं नाही. पण तू करणारच आहेस, तर नीट कर. माणूस राहतं घर बक्षीस देतो तेव्हा नुसता कागद पुरत नाही. ताबा द्यावा लागतो. म्हणजे स्वतः बाहेर पडावं लागतं, आपलं सामान घेऊन, साक्षीदारांदेखत, आणि एक पूर्ण वर्ष बाहेर राहावं लागतं. भेटायला जा, दारात बसून चहा पी. पण राहायला गेलास, वर्ष भरायच्या आत गेलास, आणि तिथेच मरण आलं, तर बक्षीस फुकट. घर पुन्हा तुझंच होतं आणि चोवीस भागांत वाटलं जातं. देतो म्हणायचं आणि शेवटपर्यंत आपणच वापरायचं, याला देणं म्हणत नाहीत, असं आपले जुने लोक मानत आले.

कुठे राहणार? माझ्याकडे ये असं लिहिणार होतो. तीनदा लिहून खोडलं. मन अजून साफ झालेलं नाही, आणि अशा मनाने तुला ताटावर बसवणं बरं नव्हे.

घरातल्या तिघींना वर्षाची गोष्ट नीट समजावून सांग.

जिलाली

* * *

बागेतून, २ ऑक्टोबर १९८३

प्रिय जिलाली,

सलाम. मला सहा महिने झाले इथे. हाज मीमूनच्या चेरीच्या बागेत त्याची राखणदाराची खोली आहे, ती त्याने दिली. भाडं घेत नाही, बागेवर लक्ष ठेवायचं.

एप्रिलच्या चार तारखेला दस्त झाला. दोघे आदूल सफ्रूहून आले, दारात उभे राहिले. मी गादी, पेटी, थापी-ओळंबा, जुने बूट, सगळं एकेक करून बाहेर काढलं. गल्ली जमली. अल्लाल न्हावी म्हणतो, "काय रे बूशता, म्हातारपणी बायकोने हाकललं का?" मी म्हटलं, "हाकललं नाही, पेन्शन दिली." यमना आतून ओरडली, "जाताना उशी न्या, ती पण तुमचीच आहे!" सगळे हसले. आदूल नाही हसले. त्यांनी उशी लिहून घेतली.

आपल्या हाताने बांधलेल्या उंबऱ्याबाहेर उभं राहून "मी आत येऊ का?" असं मुलीला विचारायचं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मिलूदा रागावली. आता सवय झाली. ती म्हणते, "या पाहुणे."

तू सांगितलंस ते मी केलं नाही. वर्षाची गोष्ट त्यांना सांगितली नाही. मिलूदाला कळलं असतं की मी तिच्या घरासाठी बारा महिने बाहेर झोपणार, तर तिने आदूलच्या हातातला कागद फाडला असता. आईसारखी आहे. मी म्हटलं, मला नमाजाला आणि विचार करायला एकांत हवा आहे. यमना म्हणाली, "चाळीस वर्षांत कसला विचार केला नाहीत, आत्ताच काय सुचलं?"

बकरी ईदला मेंढा घरी कापला, सगळ्यांबरोबर जेवलो, सूर्य मावळायच्या आत इथे परतलो. एवढी एकच गोष्ट जड गेली.

थोडा खोकला आहे. बागेत दमट असतं. चांद्र वर्ष धरलं तर मार्च संपता संपता सुटेन.

तुझं मन साफ झालं का ते लिही.

बूशता

* * *

बहालील, ९ फेब्रुवारी १९८४

आदरणीय जिलालीकाका,

सलाम. मी मिलूदा. बाबांच्या वतीने मीच लिहिते आहे, त्यांना पेन धरवत नाही. घाबरू नका, आता जरा उतार आहे.

मागच्या आठवड्यात इथे बर्फ पडलं. रविवारी आई त्यांना जेवण घेऊन बागेत गेली तर ते अंगावर दोन पोती घेऊन पडलेले, अंगात ताप, चूल विझलेली. सोमवारी, सहा तारखेला, आम्ही अल्लाल न्हाव्याचं खेचर मागून आणलं आणि त्यांना घरी आणलं. खालच्या खडकातल्या खोलीत झोपवलं आहे. ती थंडीत उबदार असते. डॉक्टर म्हणाले छाती भरली आहे, वय आहे, जपा.

घरी यायला त्यांनी किती त्रास दिला काय सांगू. खेचरावर बसेनात. "नको, नको, अजून नाही," म्हणत होते. रकियाचा हात झटकला. बाबांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही, काका. तापाने डोकं फिरलं असेल. आईने मागून धरलं आणि अल्लालने पुढून ओढलं.

आता शुद्धीवर येतात तेव्हा एकच विचारतात, "वर्ष झालं का?" मी विचारलं, "कसलं वर्ष, बाबा?" तर भिंतीकडे तोंड करतात. आईला विचारलं तर म्हणते, "हरीरा गरम कर."

तुम्हाला काही माहीत आहे का, काका? कसलं वर्ष?

तुमची,
मिलूदा

* * *

ऐन बल्लूत, २७ फेब्रुवारी १९८४

प्रिय मिलूदा,

सलाम. तुझं पत्र काल मिळालं. डोंगरात रस्ता वाहून गेला आहे, टपाल उशिरा येतं.

दादाला हलवू नका. कोणी काही म्हटलं तरी हलवू नका. उबदार खोलीत ठेवा, पाठीखाली उश्या देऊन बसता ठेवा, छाती मोकळी होते. तेल चोळा. मी रोज दुवा करतो, माझ्याकडची मुलंही करतात.

तापात माणूस काय काय विचारतो. दादाने पुन्हा विचारलं तर "झालं" म्हणू नका, खोटं होईल. "होत आलं" म्हणा.

रस्ता झाला की येतो.

तुझा काका,
जिलाली

* * *

बहालील, २० एप्रिल १९८४

जिलालीकाका,

बाबा सोमवारी दोन तारखेला गेले. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, कबरीवर पठण केलंत, आईसमोर मान खाली घालून बसलात आणि दुसऱ्या सकाळच्या बसने गेलात. तेव्हा माणसं होती म्हणून मी गप्प होते. आता लिहिते.

मार्चच्या दोन तारखेला, शुक्रवारी, नमाज झाल्यावर म्हातारे आदूल बाबांना बघायला आले. खोलीत पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारला. मला बाहेर बोलावून म्हणाले, "पोरी, हे काय केलंत? याला इथे कोणी आणलं?" आणि मग मला सगळं सांगितलं. बाबा दहा महिने त्या दमट खोलीत का राहिले, खेचरावर का बसत नव्हते, कसलं वर्ष. म्हणाले, "तीनच आठवडे उरले होते."

सोमवारी तुमचं पत्र आलं. "दादाला हलवू नका. कोणी काही म्हटलं तरी हलवू नका."

मी तुम्हाला विचारलं होतं, कसलं वर्ष. तुम्ही वीस वर्षं हेच शिकवता. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला लिहिलंत की तेल चोळा. बाबा आमच्या घरात मेले तर तुमचे पाच भाग जिवंत होतात, हे तेल चोळता चोळता मला कसं कळणार होतं?

आता आदूल वारसांचा दस्त लिहिणार आहेत. ते म्हणतात की बाबा वर्ष पुरं करून घरी आले असं सगळे वारस म्हणाले तर बक्षीसपत्र टिकेल. गल्लीत कोणी तोंड उघडणार नाही, अल्लालसुद्धा नाही. आई, रकिया आणि मी सही करू. उरलात तुम्ही. एक ओळ लिहा: "माझा भाऊ वर्ष पूर्ण करून घरी परतला." एवढंच. तुम्हाला काही द्यावं लागत नाही. फक्त जे तुमचं नव्हतंच ते मागू नका.

मिलूदा

* * *

ऐन बल्लूत, १५ मे १९८४

प्रिय मिलूदा,

सलाम. तू माझ्यावर जे आरोप केलेस त्यातला एक खोटा आहे, आणि एक तू केलाच नाहीस, तो खरा आहे. दोन्ही सांगतो.

"हलवू नका" हे मी पाच भागांसाठी लिहिलं नाही. मला माहीत होतं की तुला वर्षाचा अर्थ कळला तर तू दादाला परत त्या बागेत नेशील, निदान न्यावं असं तुला वाटेल, आणि तो ते ऐकेल, कारण त्यालाही तेच हवं होतं. बर्फात. छाती भरलेली असताना. म्हणून मी अर्थ सांगितला नाही. सांगायला हवा होता. तू बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या खांद्यावर बसायचीस, म्हणून मी तुला अजून तेवढीच समजलो.

आता खरी गोष्ट. तुझं पत्र "काल मिळालं" असं मी लिहिलं. ते काल मिळालं नव्हतं. आठ दिवस माझ्या खिशात होतं.

मी ते मशिदीच्या दारात वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दादाची काळजी वाटली, हे अल्लाहला माहीत आहे. दुसऱ्यांदा वाचताना माझा डोळा "सहा तारखेला" यावर थांबला. दस्त एप्रिलचा, परतला फेब्रुवारीत. त्या आठ दिवसांत मी नमाज पढवली, मुलांच्या पाट्या तपासल्या, आणि तुमच्या घराचे पाच भाग विकले. इद्रिसला ताउनातच्या बाजारात पाण्याच्या नळाशेजारी दुकान घेऊन दिलं. दुकानाच्या मागे माझ्यासाठी आणि तुझ्या काकूसाठी एक खोली ठेवली, म्हणजे दर शरदात गावाच्या तोंडाकडे बघायला नको. खोलीला खिडकी कोणत्या बाजूला असावी इथपर्यंत मी पोचलो होतो. एकदा सज्द्यात होतो, कपाळ जमिनीला, आणि मी खिडकीचा विचार करत होतो.

आठव्या दिवशी स्वतःची किळस आली आणि पत्र लिहिलं. आणि त्यातही "काल" लिहिलं.

दादा म्हणायचा, भाऊ चांगला आहे, भीती त्याच्या मुलाची. त्याने माणूस चुकीचा ओळखला.

आता तू मागितलेली ओळ. ती मी लिहू शकत नाही. माझा भाऊ वर्ष पूर्ण करून परतला नाही, तुम्ही त्याला आजारी म्हणून आणलंत, आणि ते योग्य केलंत. एका खोट्या साक्षीवर तुमचं घर उभं राहावं आणि ती साक्ष मी द्यावी, हे होणार नाही. बक्षीसपत्र मोडलं. घर वाटणीत आलं. पाच भाग माझे झाले.

ते माझे आहेत हे मला आधी म्हणू दे, मिलूदा. जे माझं नाही ते मी काय देणार?

काल ताउनातला आदूलकडे जाऊन मी ते पाचही भाग तुला आणि रकियाला दिले. कागद सोबत आहे. मी त्या घरात कधी राहिलो नाही, त्यामुळे मला कुठून बाहेर पडायचं नाही. ताबा तुमच्याकडेच आहे. फक्त तुम्ही दोघींनी सफ्रूच्या आदूलसमोर "स्वीकारलं" म्हणायला हवं, त्याशिवाय पुरं होत नाही. दान आहे असं समजून नाकारू नकोस. दानच आहे. पण मी घरी तीन माणसांशी भांडून केलेलं आहे.

इद्रिसला मी देण्याच्या दोन आठवडे आधीच स्वतः सांगितलं. त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, "बाबा, त्यात माझं दुकान झालं असतं."

"झालं असतं."

"त्यांच्याकडे सोळा भाग आहेत. आणि काकूचे तीन."

"आहेत."

"लोकांच्या पोरांना जन्मभर शिकवलंत. स्वतःच्या पोराला एक किल्ली नाही दिलीत."

मी म्हटलं, "नाही दिली." त्याची आई तिथेच गहू निवडत होती. ती म्हणाली, "तू ओरड त्यांच्यावर, मी नंतर ओरडते." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. आठवड्याच्या बाजाराला घरी येतो, आईजवळ बसतो, जेवतो, जातो. त्याचा राग खरा आहे आणि तो उतरेल की नाही मला माहीत नाही. दादाला मी विचारलं होतं, जबाबदारीला मी लायक नाही का. ती एवढी महाग असते हे तेव्हा माहीत नव्हतं.

वहिनींना माझा सलाम सांग. त्या नवऱ्यामागच्या शोकाच्या इद्दतीत आहेत, पांढऱ्या कपड्यांत. त्यांना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुझा काका,
जिलाली

* * *

बहालील, ३ जून १९८४

आदरणीय काका,

सलाम, आणि रमजान मुबारक. पहिले दोन रोजे बरे गेले, ऊन मात्र फार आहे.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. सगळं, आठ दिवसांसकट. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "आठच दिवस? तुझ्या बाबांचं एकेक खोटं मी चाळीस वर्षं पकडलं, त्यांनी आठ दिवसांत एकही कबूल केलं नाही." मग रडली.

मग तिने मला सांगितलं की तिला वर्षाची गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत होती. दस्ताच्या दिवशी आदूल बाबांना बाजूला घेऊन पुन्हा बजावत होते तेव्हा ती दाराआड होती. मी म्हटलं, "आई, मग तूच त्यांना मागून धरून खेचरावर बसवलंस? दीडच महिना राहिला होता!" ती म्हणाली, "हो. मला घर हवं होतं. पण त्या पोत्यांखाली माझा नवरा होता."

आता माझं. तुम्ही तुमचं लिहिलंत म्हणून मी लिहिते, नाहीतर कोणाला सांगितलं नसतं.

म्हातारे आदूल त्या शुक्रवारी मला नुसतं "तीन आठवडे उरले होते" एवढंच म्हणाले नव्हते. हळूच म्हणाले होते, "आजच्या आज परत ने. दरम्यान आला होता हे कोण मोजतंय?" शुक्रवार, शनिवार, रविवार मी झोपले नाही. सोमवारी सकाळी मी अल्लालचं खेचर पुन्हा आणलं. दाराशी बांधलं. पाठीवर गोधडी टाकली. बाबांच्या श्वासाचा आवाज गल्लीपर्यंत येत होता, काका, आणि मी खोगिराचा पट्टा आवळत होते.

बाबांनी मला दारात पाहिलं आणि उठायला लागले. त्यांना कळलं की मला कळलं. उठता येत नव्हतं, तरी हात पुढे केला, मला दे हात, म्हणून. त्यांचा चेहरा किती दिवसांनी हसरा होता. आई मध्ये उभी राहिली. मी आईला ढकललं. हो, ढकललं. मीच तिला म्हणाले, "तुला काय, तुझे तीन भाग कोणी घेत नाही."

तेवढ्यात पोस्टमन आला. तुमचं पत्र आईनेच घेतलं, रकियाकडून वाचून घेतलं, आणि दारात आडवी बसली. म्हणाली, "फकीहांनी लिहिलंय. हलवायचं नाही. आता मला मारून जा." तासभर बसली. अल्लाल येऊन खेचर घेऊन गेला, त्याला बाजाराला जायचं होतं.

बाबा त्यानंतर चार आठवडे जगले. मार्चच्या शेवटी एका सकाळी विचारलं, "वर्ष झालं का?" त्या दिवशी खरंच झालं होतं. मी म्हटलं, "झालं, बाबा." त्यांनी मला माफ केलं की घर मिळालं म्हणून शांत झाले, ते मी आता कोणाला विचारू?

मी तुम्हाला जे पत्र लिहिलं त्यातला राग खरा होता, पण तो तुमच्यावरचा नव्हता.

इद्रिसचा राग मला कळतो. तो त्याने इथे येऊन काढावा. तुम्ही नाही, तो येऊ दे. आम्ही दोघी त्याच्यासमोर बसू आणि तो काय म्हणेल ते ऐकू. घरात आम्हाला भाऊ नाही, तर निदान भांडायला तरी कोणी असावं.

काल रकिया आणि मी सफ्रूला गेलो. दोघे आदूल होते. एकाने तुमचा कागद वाचला, दुसऱ्याने मान डोलावली. मग विचारलं, "मिलूदा बिन्त बूशता, तुझ्या काकाने दिलेलं तू स्वीकारतेस?" मी हो म्हणाले. आवाज निघाला नाही, म्हणून म्हाताऱ्याने पेन थांबवलं आणि पुन्हा विचारलं.

मी पुन्हा हो म्हणाले.

तुमची,
मिलूदा